एकट्या घोड्याला सोबती: कोणतं जनावर आणावं, कसं रुळवावं

शेतावर एकच घोडा असेल, तर एकदा त्याच्या पुढच्या पायांकडे नीट पाहा. खुराच्या वर जो पहिला सांधा येतो, त्याच्या पुढच्या बाजूचे केस घासून गेलेत का? खपली धरतेय आणि बरी होते म्हणेस्तोवर पुन्हा उलतेय का? दावं घासलं असेल, दगड लागला असेल असं समजून लोक मलम लावत राहतात. पुष्कळदा दुखणं झोपेचं असतं. घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेतो हे खरं, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तरी त्याला अंग टाकावं लागतं. कळपात एक आडवा झाला की दुसरा उभा राहून राखण करतो. एकट्याची राखण कोण करणार? काही घोडे मग आडवे होणंच सोडून देतात. उभ्या उभ्या डोळा लागतो, गुडघे लुळे पडतात, सांधा जमिनीवर आपटतो आणि घोडा दचकून पुन्हा उभा राहतो. रात्रीतून चार-पाचदा हे झालं की सकाळी खपली उललेली दिसते.

अशा घोड्याला सोबत हवी. पण ‘शेळी आणू की गाढव?’ हा प्रश्न बराच पुढचा आहे.

१. आधी घोड्याचं ठाण तपासा

एका जागी उभं राहून डावी-उजवीकडे डोलणं, ठाणात येरझाऱ्या घालणं, गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळणं, रस्त्याने दुसरा घोडा गेला की तासभर खिंकाळत राहणं ही एकटेपणाची लक्षणं असतात. मात्र यातली पहिली तिन्ही लक्षणं पोट रिकामं असल्याने आणि दिवसभर बांधून ठेवल्यानेही दिसतात. अगाडी-पिछाडी लावून २२ तास उभ्या असलेल्या घोड्याशेजारी शेळी बांधली, तर एकाऐवजी दोन जनावरं वैतागतात.

म्हणून सोबती आणण्याआधी तीन गोष्टी करा. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज पोटात जायला हवी, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला सव्वापाच ते सात किलो. ती दोन वेळा ढीग टाकून संपवू नका, चार-पाच वेळा विभागून द्या. दुसरं, रोज काही तास मोकळं सोडा. तिसरं, आडवं व्हायला जागा आहे का ते बघा. १२ बाय १२ फुटांचं ठाण आणि खाली जाड भुसकट नसेल, किंवा सांधे दुखत असतील, तरीही घोडा बसत नाही. सांध्यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या.

महिनाभरात फरक पडला नाही, तर सोबतीचा विचार पक्का करा. हवा गिळण्याची सवय एकदा मुरली की सोबत मिळूनही बहुधा जात नाही, तेव्हा त्या एका गोष्टीवरून सोबत्याला नापास करू नका.

२. सोबत्याकडून काय काम हवंय?

दोन घोडे तोंड-शेपूट करून उभे राहतात आणि आयाळ संपते तिथला खांद्यावरचा उंचवटा एकमेकांना दातांनी खाजवतात. नेमकं तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. पावसाळ्यात याच उभं राहण्याचा आणखी एक फायदा म्हणजे एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावरच्या माश्या वारते. याशिवाय राखण, बरोबरीने चरणं आणि कानांच्या-मानेच्या हालचालींतून चालणारं बोलणं.

ही सगळी कामं दुसरा घोडा किंवा तट्टूच करू शकतो. गाढव यातली बरीच करतं, पण त्याची देहबोली थोडी वेगळी असते. शेळी, मेंढी, गाय जवळ असण्याची ऊब देतात आणि राखणीला एक जोडी डोळे वाढवतात. अंग खाजवून देणं त्यांना जमत नाही. ते तुम्हालाच रोज खराऱ्याने त्या उंचवट्यावर दहा मिनिटं करावं लागेल. कुत्रा, मांजर, कोंबड्या हे तबेल्यातले शेजारी. घोडा त्यांच्याशी लळा लावतो, पण रात्री त्यांच्या भरवशावर आडवा होईलच असं नाही.

आरशाचाही उपयोग होतो. ठाणाच्या भिंतीवर न फुटणारा मोठा आरसा लावला की डोलणं कमी झाल्याचं दिसतं. सोबती येईपर्यंतची ती तात्पुरती सोय समजा.

३. जनावर निवडा

दुसरा घोडा किंवा तट्टू. परवडत असेल तर पुढचं काही वाचू नका, हेच करा. सोबतीला शर्यतीचं किंवा मिरवणुकीचं जनावर लागत नाही. कामातून निवृत्त झालेली, बारा-पंधरा वर्षांची शांत घोडी उत्तम. दख्खनच्या हवेला सरावलेलं भीमथडी तट्टू थोडक्या वैरणीवर राहतं. नर-मादीचा हिशेब मात्र आधी मांडा. आपल्याकडे पुष्कळ नर खच्ची न करता ठेवतात. अशा नराशेजारी घोडी आणली तर ११ महिन्यांनी शिंगरू, आणि दुसरा नर आणला तर रोजची मारामारी. नर खच्ची करून घेतलात, तरी पुढचे सहा आठवडे घोडीजवळ सोडू नका. बीज लगेच संपत नाही. जुन्या नराची दांडगाई कधी कधी त्यानंतरही टिकते.

गाढव. स्वभावाने स्थिर, सहजी बिथरत नाही आणि दीर्घायुषी. नीट ठेवलं तर ३० वर्षं जगतं. तोटे खरेदीनंतर कळतात. पहिला तोटा फुप्फुसातल्या जंताचा. हा जंत गाढवाच्या अंगात वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता राहतो, शेणातून गवतावर उतरतो आणि तेच गवत खाणारा घोडा महिनोन्‌महिने खोकत राहतो. दुसरा तोटा म्हणजे गाढव जीव लावणारं जनावर आहे. ज्या गाढवाबरोबर ते वाढलं त्याच्यापासून तोडलं तर ते खाणं टाकतं. खाणं टाकलेल्या गाढवाच्या रक्तात चरबी उतरते, यकृत निकामी होतं आणि ते दगावतं. म्हणून जोडीचं गाढव एकटं विकत घेऊ नका. घेतलंत तर जोडीच घ्या.

नर गाढव खच्ची केलेलाच हवा. घोडीजवळ सोडलेला नर गाढव खेचर देऊन जाईल, शिवाय तो शिंगरांवर, कुत्र्यांवर आणि शेळीच्या करडांवर धावून जातो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पक्कं छप्पर लागेल. घोड्याच्या केसांवरून पाणी बऱ्यापैकी निथळतं, गाढवाच्या केसांत ते मुरतं. आणि शेजारी जवळ राहत असतील तर पहाटेच्या ओरडण्याबद्दल त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

शेळी. बहुतेकांना परवडणारी आणि गावात सहज मिळणारी. शर्यतीच्या बिथरट घोड्याजवळ शेळी ठेवण्याची पद्धत जगभर जुनी आहे. एक लक्षात ठेवा, शेळीही कळपातली आहे. एकट्या घोड्यासाठी एकटी शेळी आणणं म्हणजे एकाचं एकटेपण दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं. दोन आणा.

त्या कशा असाव्यात? बिनशिंगाच्या, कारण शिंगाची उंची बरोबर घोड्याच्या पोटाशी येते. गाभण नकोत, करडं नकोत. घोड्याने सहज टाकलेलं पाऊल करडाची पाठ मोडतं. खच्ची न केलेला बोकड नको, माजावर आला की वासाने तबेला नकोसा होतो. एक ते दोन वर्षांचे, म्हणजे नुकतेच दोन दाती झालेले खच्ची बोकड सगळ्यात सोयीचे. दूध नाही, वेत नाही, स्वभाव मवाळ. त्यांना एकच पथ्य: धान्य फार चारलं तर मूतखडा होतो आणि लघवी तुंबून दोन दिवसांत जीव जातो. उस्मानाबादी असो, संगमनेरी असो की गावठी, जातीपेक्षा स्वभाव बघा. माणसाच्या हाताला येणारी आणि कुत्रा जवळून गेला तरी सैरभैर न होणारी शेळी घ्या.

एक खोड बहुतेक शेळ्यांना असते: घोड्याची शेपूट चघळणं. वैरणीची चणचण असेल तर महिनाभरात शेपूट अर्धी होते. मिरवणुकीचा घोडा असेल तर हे नुकसान लहान नाही.

मेंढी. शेळीपेक्षा शांत, पण घोड्याच्या खुराकातल्या तांब्याने तिला विषबाधा होते. घोड्याला लागणारं तांब्याचं प्रमाण मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी ती अचानक पिवळी पडून मरते. खुराक पूर्ण वेगळा ठेवता येत असेल तरच मेंढी घ्या.

गाय, म्हैस, कालवड. घरात आधीच असेल तर वेगळं आणायची गरज नाही. एका कुरणात फिरवून चारण्याचा फायदाही आहे, कारण घोड्याचे बहुतेक जंत गाईत आणि गाईचे घोड्यात वाढत नाहीत. धोका सर्ऱ्याचा. हा रक्तातला परजीवी डांसमाश्यांच्या चाव्यातून पसरतो. गाई-म्हशी तो अंगात वागवत ठणठणीत दिसतात, घोडा मात्र तापाने खंगतो, पायांवर-पोटाखाली सूज येते आणि उपचार झाला नाही तर मरतो. गोठा नि पागा एकाच छपराखाली असतील तर पावसाळ्यात माश्यांचा बंदोबस्त दोन्हीकडे करावा लागेल. शिंगाळ आणि मारकं जनावर अर्थातच नको.

४. बाजारात आणि दारात काय तपासायचं

घोडे दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला, गाढवं पौष पौर्णिमेला जेजुरीत आणि रंगपंचमीला मढीत मोठ्या संख्येने येतात. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतही जनावरांचा बाजार भरतो. बाजारात निवड मोठी असते, तसा रोगही. शंभर ठिकाणची जनावरं एकाच हौदाला तोंड लावतात. ओळखीच्या माणसाकडून, जनावराच्या ठाणावर जाऊन घेणं केव्हाही चांगलं. तिथे ते खाताना, बसताना, दुसऱ्या जनावरांशी वागताना दिसतं.

घोडा-गाढव घेताना नाकपुड्या उजेडाकडे करून आतून बघा. एका नाकपुडीतून चिकट पिवळट स्राव, आत गाठी किंवा व्रण, पायांवर किंवा मानेवर ओळीने उठलेल्या गाठी दिसल्या तर हात लावू नका. तो ग्लँडर्स असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घोड्यात हा रोग बराच काळ रेंगाळतो, गाढवात झपाट्याने जीव घेतो. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. २००९ च्या जनावरांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार हा रोग कळवणं बंधनकारक आहे आणि रोग सिद्ध झालेलं जनावर ठेवता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी अहवाल मागा. ‘नंतर आणून देतो’ याला भुलू नका.

विटा-वाळू वाहिलेलं गाढव असेल तर पाठीवरचे वण, पुढच्या पायांवरचे दाव्याचे काच आणि खुरांची लांबी बघा. जुना भरलेला वण चालतो, ओली जखम नको. पाठीवर हात ठेवताच अंग चोरणारं गाढव घोड्याच्या लगटीलाही लाथेने उत्तर देईल.

शेळीची खालची पापणी ओढून बघा. आत गुलाबी-लाल हवी. पांढुरकी असेल तर जंतांनी रक्त शोषलं आहे. मागचा भाग शेणाने बरबटलेला, नाक वाहणारं, चारही पायांवर सारखा भार न देणारं जनावर सोडून द्या.

हे कागद हातात घ्या:
• विक्रीची पावती किंवा बाजार समितीचा दाखला. त्यात रंग, वय, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या हव्यात.
• पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला. वाहतुकीतही तोच लागतो.
• घोडा-गाढवाचा ग्लँडर्स तपासणी अहवाल.
• शेळी, मेंढी, गाय, म्हैस असेल तर कानातला १२ अंकी बिल्ला आणि त्याची तुमच्या नावावर नोंद. बिल्ल्याचा नंबर पावतीवर लिहून घ्या.
• लसींच्या आणि जंतनाशकांच्या तारखा, निदान तोंडी विचारून वहीत.
• दोन्ही बाजूंनी आणि समोरून काढलेले फोटो.

५. २१ दिवस वेगळं

नवं जनावर आणलं की थेट घोड्याशेजारी बांधलं जातं, आणि पहिली चूक इथेच होते. किमान २१ दिवस, बाजारातून आणलं असेल तर ३० दिवस वेगळं ठेवा. अंतर शंभर फूट तरी हवं. बादली, खरारा, दावं, फावडं वेगळं. रोज आधी घोड्याचं काम उरका, मग नव्या जनावराकडे जा, उलटं नको.

घोडा-गाढवाचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा. निरोगी घोड्याचा १०१.५ फॅरनहाइटच्या आत असतो. स्ट्रँगल्स या जबड्याखाली गाठी आणणाऱ्या रोगाची लागण झाली असेल, तर तीन ते चौदा दिवसांत बहुधा आधी ताप चढतो, गाठी मागून येतात. याच काळात जंतनाशक द्या. गाढवाला फुप्फुसाच्या जंतावर चालणारं औषध पशुवैद्यकाला विचारून द्या, आणि ते दिल्यानंतरच घोड्याच्या कुरणात सोडा.

लसी: घोडा-गाढवाला धनुर्वात आणि रेबीज. शेळीला पीपीआर म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची (तीन वर्षांतून एकदा) आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारलं तर लस कधी येते ते कळतं. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

हे तीन आठवडे वासाच्या ओळखीचे. वारा अनुकूल असेल तर घोडा कान टवकारून त्या दिशेला फुरफुरायला लागतो.

६. जागा

कुंपणाला काटेरी तार नको. घोडा घाबरून पळतो तेव्हा तार दिसत नाही, आणि पायाची कातडी हाडापर्यंत सोलते. आडव्या लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या, आणि शेळ्यांसाठी खाली जाळी. जाळीची भोकं तीन-चार इंची असली तर शेळीचं डोकं किंवा घोड्याचा खूर अडकतो, दोन इंचांच्या आतली घ्या.

मोकळ्या आवारात कुठेही असा कोपरा नको की जिथे लहान जनावर कोंडलं जाईल. असल्यास तो तिरकी पट्टी मारून बंद करा.

शेळ्यांना पळून जायची वाट हवी. दीड फूट रुंद, अडीच फूट उंच दार ठेवलं तर शेळी आत जाते, घोडा जात नाही. मात्र घोडा मान आत घालतोच. म्हणून शेळ्यांची गव्हाण दारापासून सहा फूट तरी आत हवी. हे सहा फूट सोडले नाहीत तर पुढच्या भागात सांगितलेलं सगळं फुकट जातं.

पाणी दोन उंचींवर ठेवा. घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पितो, शेळी चार ते आठ. खोल हौदात शेळी पडली तर वर येता येत नाही, आत दगडाची पायरी करून ठेवा.

आणि दोघांना एकमेकांच्या पोचेत दाव्याने बांधू नका. शेळी तीन फेऱ्यांत घोड्याच्या पायांत दोरी गुंडाळते. घोडा बिथरला की दोघांपैकी एकाचा पाय जातो.

७. वैरण आणि खुराक

सोबतीचे प्रयोग मारामारीपेक्षा गव्हाणीपाशी जास्त फसतात. एकाचं खाणं दुसऱ्याला विष ठरतं आणि ते दोन्ही बाजूंनी लागू आहे.

पशुखाद्य आणि कोंबडीखाद्य. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. गाय-कोंबडी ती पचवते, घोड्याच्या हृदयाचा स्नायू त्यांनी जळतो. मोनेन्सिनचं प्राणघातक प्रमाण घोड्यात दर किलो वजनाला दोन-तीन मिलिग्रॅम आहे, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला जेमतेम एक ग्रॅम. त्याहून कमी पोटात गेलं आणि घोडा वाचला, तरी पुढे दौडताना कोसळू शकतो. पिशवीवरची चिठ्ठी वाचा. चिठ्ठी नसेल तर ती पिशवी पागेच्या आवारात आणू नका. तेच मोजमापाचं टोपलं दोन्हीकडे वापरू नका.

सुबाभूळ. शेळीपालकाच्या बांधावर असतेच, आणि शेळ्यांना चालते. तोच पाला घोड्याने आठवडे-महिने खाल्ला तर आयाळीचे आणि शेपटीचे केस मुठीने गळायला लागतात. आधी सांगितलेल्या शेळीच्या खोडीमुळे दोष शेळीवर जातो, म्हणून फरक ओळखा: शेळीने चघळलेले केस टोकाकडे तुटके, ओलसर, चिकटलेले असतात. सुबाभळीने गळलेले मुळापासून निघतात, आणि आयाळ-शेपूट दोन्ही एकदम विरळ होतात. पाला शेळ्यांच्या दारापलीकडेच टाका.

मुरघास. हवा शिरलेला, काळपट पडलेला मुरघास गाईला टाकायची लोकांना सवय असते. घोड्याला बोटुलिझमची विषबाधा फार लवकर होते: जीभ लुळी, घास गिळता येत नाही, मग पाय जातात. नवशिक्याने घोड्याच्या पुढ्यात मुरघास ठेवूच नये. बुरशी लागलेला मकाही तसाच, त्याने घोड्याचा मेंदू सडतो.

घोड्याची चंदी शेळीच्या तोंडी. भिजवलेला हरभरा, जव, कोंडा शेळीने भसाभस खाल्ला की पोट फुगतं, पोटात आम्ल वाढतं, आंत्रविषार होतो. सकाळी शेळी पाय ताणून पडलेली सापडते. उंच गव्हाण हा उपाय नाही, शेळी मागच्या पायांवर उभी राहते, नाहीतर घोड्याच्या पुढ्यातच उडी मारते. जुनी पद्धत इथे अगदी कामाची आहे: चंदी तोबऱ्यात द्या. तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधलेला असला की शेळीला दाणाही मिळत नाही. चंदी संपली की लगेच काढा, तोबरा तसाच ठेवून पाण्यावर नेऊ नका. धान्याची कणगी, पिंप कडीकुलपात ठेवा, कारण शेळीला साधी कडी उघडता येते.

गाढवाला चंदीची गरजच नाही. १२० किलोच्या गाढवाला दिवसाला दीड ते सव्वादोन किलो सुका चारा पुरतो: कडबा, काड. घोड्याबरोबर लसूणघास खाऊन गाढवाच्या मानेवर चरबीची वळकटी चढते, ती पुढे एका बाजूला लवंडते आणि खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज, होतो. मानेवरची वळकटी दिसली की खुराक तोडा, पण हळूहळू. एकदम उपाशी ठेवलं तर वर सांगितलेला चरबी उतरण्याचा धोका असतो.

बांधावरची कण्हेर, एरंड, घाणेरी आणि कोवळी ज्वारी सगळ्यांनाच वाईट. कण्हेर शोभेसाठी लावलेली असेल तर उपटा. छाटणीचा वाळलेला पाला हिरव्याइतकाच जहरी असतो.

८. ओळख करून देणं

हाताशी: दोन माणसं, मजबूत म्होरकी, लांब दोर, वैरणीचे गठ्ठे. आधी घोड्याचे मागचे नाल काढून घ्या. नाल नसलेल्या खुराची लाथ मुका मार देते, नालेची लाथ हाड मोडते.

पहिले तीन दिवस १५ फुटांवरून नुसतं दिसू द्या. दोघांना त्याच वेळी वैरण टाका, म्हणजे एकमेकांचं दिसणं आणि खाणं डोक्यात जोडलं जातं.

पुढचे चार-पाच दिवस कुंपणाच्या आरपार. घोडे नाकाला नाक लावतात, श्वास घेतात, मग एक किंचाळतो आणि पुढचा पाय आपटतो. हे ठरलेलं आहे, घाबरून ओढू नका. मात्र त्या पायाच्या समोर उभं राहू नका. कान मानेला चिकटवून, दात काढून कुंपणावर पुन्हा पुन्हा झेप घेत असेल, तर आणखी आठवडा द्या.

मग मोकळं आवार. ते घोड्याचं नेहमीचं ठाण नको, दोघांनाही नवखं हवं. घोड्याचं पोट आधी भरलेलं असावं. जितकी जनावरं, त्याहून एक ढीग जास्त घाला, आणि ढिगांमध्ये तीस-चाळीस फूट अंतर ठेवा. हातात चंदीची बादली घेऊन मध्ये जाऊ नका. पहिल्या दिवशी २०-३० मिनिटं पुरे. शेळ्यांच्या बाबतीत घोडा सैल दोरावर धरा आणि शेळ्या मोकळ्या सोडा, त्यांना त्यांच्या दाराची वाट आधी दोन दिवस शिकवून ठेवा.

पाठलाग दोन-चार वळसे घेऊन थांबला तर ठीक. पाठलाग थांबतच नसेल, मान खाली सापासारखी ताणून हाकलत असेल किंवा शेळीला दातांनी उचलत असेल, तर ही जोडी जमणार नाही. तिसऱ्या प्रयत्नानंतरही तेच असेल तर जनावर बदला. शेळी परत करता येईल अशी बोली खरेदीच्या वेळीच करून ठेवावी.

पहिले पंधरा दिवस रात्री वेगळे ठेवा. त्यानंतर सकाळी घोड्याच्या अंगाकडे बघत जा. एका कुशीला, पोटावर आणि मांडीवर, भुसकट चिकटलेलं दिसलं की रात्री तो आडवा झाला होता.

९. औषधांच्या बाटल्या वेगळ्या

शेळ्या-गाईंना गोचिडांसाठी अमित्राझ फवारतात. घोड्याच्या अंगावर ते पडलं की आतड्यांची हालचाल थांबते आणि पोटशूळ होतो. शेळ्या फवारल्या असतील तर पूर्ण वाळेपर्यंत घोड्यापासून दूर ठेवा, पंप धुतल्याशिवाय घोड्याजवळ नेऊ नका. शेळी-गाईंसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नये, टोचल्या जागी वाईट सूज येऊन जंतुसंसर्ग होतो. घोड्याला तोंडाने देण्याची पेस्ट मिळते. लेव्हामिसोल शेळीला चालतं, घोड्यात त्याची सुरक्षित मर्यादा फार थोडी आहे. खूर छाटणी घोड्याची आणि शेळीची सहा ते आठ आठवड्यांनी. नालबंद येतो त्या दिवशीच सगळ्यांची उरकली की विसरायला होत नाही.

१०. दूर करायची वेळ

जोडी जमली की नवी अडचण येते. घोडा वरातीला किंवा रपेटीला निघाला की मागे राहिलेलं गाढव ओरडून आवार डोक्यावर घेतं, नाहीतर घोडाच फाटकापाशी अडून राहतो. याची सवय पहिल्या महिन्यातच लावा. मागे राहणाऱ्याला वैरण टाका, घोड्याला पाच मिनिटं नजरेआड न्या आणि परत आणा. रोज थोडं वाढवा. मागे तिसरं जनावर असेल तर हे सगळं निम्म्याने सोपं होतं. दोन शेळ्या आणायला सांगण्याचं हेही एक कारण. गाढवाने एक दिवस जरी खाणं टाकलं, तरी उद्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.

सोबती मेला तर शव लगेच उचलू नका. (नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त आलं असेल तर अँथ्रॅक्सची शंका असते. मग कुणालाच जवळ जाऊ देऊ नका, शव फाडू नका आणि दवाखान्यात कळवा.) एरवी मागे राहिलेल्याला मोकळं सोडून तिथे जाऊ द्या. तो हुंगेल, खुराने हलवून बघेल, कदाचित तासभर उभा राहील, मग चरायला निघून जाईल. शव न दाखवता नेलं तर तेच जनावर चार-पाच दिवस कुंपणाकडेने हाका मारत फिरतं. तो निघून गेला की मग पुरा, खड्डा सहा फूट, वर चुना. त्या रात्री शेजारच्या ठाणात कुणीतरी जिवंत जनावर बांधा, गाय चालेल, शेजाऱ्याची शेळी चालेल.